शेपटी पाहून शब्दाची जात ठरवू नये

महोदय,

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत इंग्रजी व्याकरणाचे सराव प्रश्न नियमितपणे प्रसिद्ध होतात आणि तालुक्याच्या अभ्यासिकांमध्ये मुले ती पाने कापून वहीत चिकटवून ठेवतात, हे मी पाहतो आहे. हा उपक्रम उपयोगाचा आहे आणि तो चालू राहावा, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. अधोरेखित शब्दाची जात ओळखा आणि वाक्याची डिग्री (म्हणजे तुलनेची पायरी) बदला, हे दोन प्रश्नप्रकार या सरावात हमखास असतात. पण त्यांच्या उत्तरतालिका वाचताना, आणि त्याहून अधिक बाजारातली गाइडे चाळताना, एक समज घट्ट रुजत चाललेला दिसतो. शब्दाची जात शब्दाच्या अंगावरच लिहिलेली असते, शेवटची दोन-तीन अक्षरे पाहिली की ती कळते आणि त्यासाठी वाक्य वाचण्याची फारशी गरज नाही, असा तो समज आहे. क्लासमध्ये याला ‘ट्रिक’ म्हणतात. माझ्या मते इंग्रजीच्या अभ्यासाचे सर्वांत जास्त नुकसान या एका ट्रिकने केले आहे.

प्रश्न केवळ शुद्धतेच्या हौसेचा नाही. २०२३ च्या तलाठी भरतीच्या परीक्षेत २०० गुणांपैकी ५० गुण इंग्रजीचे होते आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गुण होते. दोन गुणांनी निवड यादीतला क्रम किती खाली जातो, हे उमेदवारांना सांगायला नको. चुकीच्या उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायचा तर त्यासाठी शुल्क भरावे लागते आणि आक्षेप घेण्याइतका आत्मविश्वास ट्रिकवर वाढलेल्या विद्यार्थ्याकडे नसतोच.

पहिले उदाहरण आपल्याच व्यवसायातले घेतो. ज्या शब्दाच्या शेवटी ‘ली’ येते तो क्रियाविशेषण, असा नियम जवळजवळ प्रत्येक गाइडात ठळक अक्षरांत सापडतो. आता ‘दिस इज अ डेली न्यूजपेपर’ या वाक्यात ‘डेली’ हा शब्द वृत्तपत्राबद्दल सांगतो, म्हणून तो विशेषण आहे. ‘द पेपर कम्स डेली’ या वाक्यात तो येण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण आहे. ‘शी वर्क्स फॉर अ डेली’ असे म्हटले की तोच शब्द नाम होऊन बसतो, आणि त्याच्याआधी आलेला ‘अ’ ते उघड करतो. शब्द एक, स्पेलिंग एक, शेपटी एक आणि जाती तीन. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉवर्डली’ हे शब्द तर बहुतेक वेळा विशेषणेच असतात. ‘शी हॅज अ फ्रेंडली नेचर’ या वाक्यातल्या ‘फ्रेंडली’समोर क्रियाविशेषण असे उत्तर छापलेले एक गाइड माझ्या टेबलावर आहे आणि त्याची ही पहिली आवृत्ती नाही.

‘अर’ या शेपटीची गत याहून मजेदार आहे. ‘अर’ आला की कम्पॅरेटिव्ह डिग्री, म्हणजे दोघांच्या तुलनेचे रूप, असे पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यापुढे ‘वी बॉट अ कूलर’ आणि ‘दिस रूम इज कूलर’ ही दोन वाक्ये ठेवून पाहावीत. विदर्भातल्या मुलाला कूलर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, तरीही परीक्षेच्या भीतीने तो दोन्ही ठिकाणी डिग्री शोधतो. ट्रकवरचा क्लीनर आणि ‘क्लीनर ग्लास’मधला क्लीनर, सिगारेट पेटवायचा लायटर आणि ‘लायटर बॅग’मधला लायटर या जोड्या आपल्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत. उलट ‘वर्स’ आणि ‘लेस’ यांना ‘अर’ नाही, तरी ते कम्पॅरेटिव्हच आहेत. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे लॅटिनमधले तुलनावाचक शब्द इंग्रजीत आले. ते ‘दॅन’ घेत नाहीत, ‘टू’ घेतात, आणि म्हणून ‘ही इज सीनियर दॅन मी’ हे वाक्य आपल्या सरकारी कचेऱ्यांत कितीही रुळले तरी परीक्षेत चूकच ठरते.

यावर एखादा शिक्षक म्हणेल की मराठी माध्यमाच्या मुलांना एवढे बारकावे झेपत नाहीत. मला हे मान्य नाही. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षे मुलगा ही भाषा वाचतो. त्याला झेपत नाही ते व्याकरण नव्हे, तर कारण न सांगता दिलेल्या याद्या. शिवाय मराठीच्या तासाला हीच मुले शब्दाची जात त्याच्या वाक्यातल्या कार्यावरून ठरवायला शिकलेली असतात. ‘तू वर जा’मधला ‘वर’ क्रियाविशेषण, ‘टेबलावर’मधला शब्दयोगी अव्यय आणि लग्नपत्रिकेतला ‘वर’ नाम, हे सातवीतल्या मुलाला न अडखळता सांगता येते. इंग्रजीच्या तासाला तीच समज बाजूला का ठेवावी?

खरी अडचण कुठे येते, ते वर्गात उभे राहिलेल्या माणसाला माहीत असते. मराठीत ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ असे आपण म्हणतो. गाण्याच्या क्रियेबद्दल बोलत असूनही ‘चांगला’ हा शब्द गाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणजे रूप विशेषणाचे आणि काम क्रियाविशेषणाचे. ही सवय घेऊन मूल इंग्रजीत जाते आणि ‘शी सिंग्ज गुड’ लिहिते. त्याला ‘गुड हे ॲडजेक्टिव्ह आहे, वेल हे ॲडव्हर्ब आहे’ एवढेच सांगून काही होत नाही. आपली भाषा इथे एका रूपावर भागवते आणि इंग्रजी भागवत नाही, हे सांगितले तर ते एका तासात कळते.

याच्या उलटही घडते, म्हणजे मराठी मदतीलाही येते. ‘ही लुक्ड अँग्री’ आणि ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द बॉय’ या दोन वाक्यांपैकी पहिल्यात विशेषण का आणि दुसऱ्यात क्रियाविशेषण का, यावर इंग्रजीतून लिंकिंग व्हर्बची (कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणाऱ्या क्रियापदाची) व्याख्या कितीही सांगितली तरी मागच्या बाकापर्यंत ती पोहोचत नाही. मराठीत सांगून पाहा. पहिले वाक्य ‘तो रागावलेला दिसला’, दुसरे ‘त्याने मुलाकडे रागाने पाहिले’. मराठीने क्रियापदच बदलले. दिसणे वेगळे, पाहणे वेगळे. दिसतो तो कसा, हे सांगायला विशेषण लागते. पाहिले कसे, हे सांगायला क्रियाविशेषण. ‘द फ्लॉवर स्मेल्स स्वीट’मध्ये ‘स्वीटली’ का येत नाही, हेही त्याच रांगेत सुटते.

शब्दाची जात आणि डिग्री हे दोन प्रश्न आपण वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो, त्यामुळे ते एकमेकांना कुठे भेटतात हे विद्यार्थ्याला दिसतच नाही. ‘बेटर’ हा एकच शब्द घ्या. ‘अ बेटर पेन’मध्ये तो विशेषण आहे. ‘शी सिंग्ज बेटर नाऊ’मध्ये क्रियाविशेषण. ‘ही वॉन्ट्स टू बेटर हिज स्कोर’मध्ये क्रियापद, आणि तिथे डिग्रीचा प्रश्न उरतच नाही. ‘फीअर गॉट द बेटर ऑफ हिम’मध्ये नाम. गाइडात मात्र ‘गुड, बेटर, बेस्ट’ ही ओळ ‘विशेषणांची रूपे’ या मथळ्याखाली असते आणि ‘वेल’चीही रूपे ‘बेटर, बेस्ट’ हीच आहेत, हे तळटिपेतही नसते. ‘हार्डर’चे तसेच. ‘दिस सम इज हार्डर’मध्ये गणित कसे आहे ते कळते, ‘शी वर्क्स हार्डर’मध्ये काम कसे करते ते. आणि ज्याला ‘ली’ लावायची सवय लागली आहे तो मुलगा ‘शी वर्क्स हार्डली’ लिहून कष्टाळू मुलीला आळशी ठरवण्याचा प्रयत्न करतो (‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच), तेही अशुद्ध इंग्रजीत. ‘मोअर’ तर स्वतःच तीन ठिकाणी फिरतो: ‘वी नीड मोअर वॉटर’मध्ये पाण्याला जोडून, ‘बी मोअर केअरफुल’मध्ये ‘केअरफुल’ला जोडून आणि ‘ही आस्क्ड फॉर मोअर’मध्ये कोणालाही न जोडता, स्वतःच्या बळावर. पहिला परंपरेने विशेषण, दुसरा क्रियाविशेषण, तिसरा सर्वनाम.

इथे थोडे विषयाच्या कडेला जाऊन सांगावेसे वाटते की आठ जातींचे हे कोष्टक काही आकाशातून पडलेले नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास डायोनिसिअस थ्रॅक्स या ग्रीक व्याकरणकाराच्या नावावरच्या ग्रंथात आठ जाती आहेत, पण त्यांत विशेषण स्वतंत्र नाही. ते नामातच मोडते. लॅटिनमध्ये आर्टिकल (‘अ’, ‘द’सारखे शब्द) नव्हते, म्हणून एक घर रिकामे झाले. तिथे केवलप्रयोगी अव्यय आले आणि आकडा आठच राहिला. आपल्याकडे ‘निरुक्त’कार यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच जाती सांगितल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना इंग्रजी व्याकरणांचा होता. म्हणजे भाषेच्या गरजेप्रमाणे घरे वाढली, कमी झाली. आजची इंग्रजी व्याकरणे ‘द’, ‘दिस’, ‘माय’ या शब्दांना डिटरमायनर (नामाआधी येऊन ते कोणते, कोणाचे हे ठरवणारे शब्द) नावाच्या वेगळ्या गटात ठेवतात. या पार्श्वभूमीवर ‘माय’ हे सर्वनाम की विशेषण, असा चार पर्यायांचा प्रश्न घालून त्यातला एकच बरोबर धरणे म्हणजे विद्यार्थ्याने कोणते गाइड विकत घेतले याची परीक्षा घेणे आहे. ‘द हायर यू गो, द कूलर इट गेट्स’ या वाक्यातल्या ‘द’खाली रेघ मारून आर्टिकल असे उत्तर दिलेले मी पाहिले आहे. मराठीत आपण ‘जितके वर जावे तितके गार’ म्हणतो, त्यातल्या ‘जितके’ आणि ‘तितके’ यांचे काम हे दोन ‘द’ करतात. इंग्रजी शब्दकोश त्यांची नोंद क्रियाविशेषण म्हणून करतात.

आता डिग्रीकडे येतो. मराठीत तुलना करताना विशेषण जागचे हलत नाही. ‘शाम रामापेक्षा उंच आहे’, ‘शाम सर्वांत उंच आहे’. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ वाहतात. इंग्रजी मात्र विशेषणाचेच रूप बदलते आणि वर ‘दॅन’ही मागते. मुलाला वाटते की ‘टॉलर’ या शब्दात ‘अधिक’ आलेलेच नाही, म्हणून तो ‘मोअर टॉलर’ लिहितो. ही चूक मूर्खपणाची नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ‘द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल’ आहे, आणि ‘श्रेष्ठ’ या संस्कृत शब्दात ‘सर्वांत चांगला’ हा अर्थ आधीच भरलेला असताना आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो व सत्काराच्या मानपत्रात ‘श्रेष्ठतम’ही लिहितो. आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘मोअर टॉलर’ चालत नाही, हे खरेच. पण मूल ती चूक का करते हे कळले तर लाल शाईने नुसती फुली मारण्याचा मोह आवरेल.

डिग्री बदलण्याचा प्रश्न तर मी वर्षानुवर्षे यंत्रासारखा सुटताना पाहिला. सूत्र पाठ असते: ‘द’ काढा, ‘एस्ट’च्या जागी ‘अर’ घाला, ‘दॅन एनी अदर’ लिहा, किंवा ‘नो अदर’ने सुरुवात करून ‘ॲज... ॲज’ लावा. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ या वाक्याला हे सूत्र लावले तर ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ आणि ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई’ अशी दोन निर्दोष वाक्ये मिळतात आणि शिक्षक-विद्यार्थी दोघेही समाधानी होतात. पण ‘अदर’ कशासाठी आहे, हे विचारा. कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातच आहे. ‘अदर’ गाळले तर ती स्वतःपेक्षा उंच असल्याचे विधान होईल. आता तुलना गोव्यातल्या शिखरांशी करायची झाली तर? ‘हायर दॅन एनी पीक इन गोवा’ हेच बरोबर, कारण १६४६ मीटरची कळसूबाई गोव्यात नाही. सूत्रावर चालणारा विद्यार्थी इथेही ‘अदर’ घालतो आणि अकोले तालुक्याची सीमा ओलांडून शिखर गोव्यात नेऊन ठेवतो.

आता साल्हेरचे शिखर घ्या. त्याची उंची १५६७ मीटर. ‘साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स इन महाराष्ट्र’ हे वाक्य पॉझिटिव्ह डिग्रीत (विशेषणाच्या मूळ रूपात) नेताना ‘व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर ॲज हाय ॲज साल्हेर’ असे लिहावे लागते. ‘नो अदर’ लिहिले तर इंग्रजी शुद्ध राहील, पण विधान खोटे होईल. ‘साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई’ या वाक्यातली दोन नावे उलटी ठेवणारे विद्यार्थी तर प्रत्येक तुकडीत असतात, कारण पहिले नाव पहिल्याच जागी ठेवायचे असते अशी त्यांची समजूत झालेली असते. कोण कोणापेक्षा उंच आहे, हे मनाशी पक्के करून मग लिहा, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

तुलना समान वस्तूंचीच व्हावी, हा नियम गाइडांत क्वचितच भेटतो. ‘द क्लायमेट ऑफ नाशिक इज बेटर दॅन नागपूर’ या वाक्यात नाशिकच्या हवेची तुलना नागपूर शहराशी होते. ‘दॅन दॅट ऑफ नागपूर’ लिहिले पाहिजे. मराठीतही आपण ‘नाशिकची हवा नागपूरपेक्षा चांगली’ असे सैल बोलतो आणि ते खपते, म्हणून ही चूक मुलांच्या डोळ्यांना दिसत नाही.

‘दॅन’नंतर ‘आय’ की ‘मी’, या प्रश्नावर मात्र उत्तरतालिका नको तितक्या कडक असतात. ‘शी इज टॉलर दॅन मी’ हे बोलण्यात आणि लिहिण्यात सर्रास वापरले जाते. त्यात ‘दॅन’ शब्दयोगी अव्ययासारखा येतो. ‘दॅन आय ॲम’ म्हटले की तोच उभयान्वयी होतो. एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवण्यापेक्षा अर्थ जिथे खरोखर बदलतो ते उदाहरण द्यावे. ‘शी लाइक्स यू मोअर दॅन आय’ म्हणजे मला तू जितका आवडतोस त्याहून तिला जास्त आवडतोस. ‘मोअर दॅन मी’चा सरळ अर्थ, तिला माझ्यापेक्षा तू जास्त आवडतोस. या एका वाक्यात सर्वनामाची विभक्ती, ‘दॅन’ची जात आणि ‘मोअर’चे काम असे तिन्ही धागे एकत्र येतात, आणि वर्ग जागा राहतो, हाही फायदा आहेच.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. पुरवणीत सुटा शब्द देऊन त्याची जात विचारणारे प्रश्न छापू नयेत. प्रत्येक शब्द पूर्ण वाक्यात यावा. उत्तरतालिकेत ‘ब’, ‘क’ अशा अक्षरांशेजारी एका ओळीचे कारण असावे: हा शब्द अमुक नामाबद्दल सांगतो म्हणून विशेषण, अमुक क्रियेबद्दल सांगतो म्हणून क्रियाविशेषण. ज्या प्रश्नावर जाणत्यांमध्येच दोन मते आहेत, उदाहरणार्थ ‘माय’ची जात, तो प्रश्न वगळावा. डिग्रीसाठी सुटी वाक्ये देण्याऐवजी पाच किल्ल्यांच्या उंचीचा किंवा चार शहरांच्या तापमानाचा छोटा तक्ता देऊन त्यावरून तुलनेची वाक्ये करायला सांगावीत, म्हणजे वाक्य शुद्ध आहे की नाही याबरोबर ते खरे आहे की नाही हेही विद्यार्थ्याला तपासावे लागेल. भरती परीक्षांचे प्रश्न काढणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे, परंतु त्यांच्यापर्यंत माझे पत्र पोहोचण्याआधी आपली पुरवणी पोहोचते.

जागेची अडचण मी समजू शकतो. सध्या एका पानावर जितके प्रश्न येतात, त्यांतले निम्मे कमी केले तर उरलेल्यांची कारणे त्याच पानावर बसतील.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
कराड, जिल्हा सातारा